अकरा रिटेक

नानांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसावं लागे. डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे. वयामुळे गेला असेल, असं मी धरून चालले होते, आणि घरात कुणी त्यावर बोलतही नसे. नाना म्हणजे आईचे वडील, झिपरू तानाजी महाले. तापीकाठचं शिरपूरकडचं गाव, बोली अहिराणी, आणि चेहरा असा की एकदा पाहिला की माणूस तो विसरत नसे, पण नाव मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. काळ्यापांढऱ्या सिनेमांत त्यांनी शंभरावर कामं केली. मुनीम, हवालदार, गरीब बाप, गाडीवान, सावकाराचा गुंड, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे घरचा जुना नोकर. पडद्यावर ते किती वेळा मेले याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. पाट्यांमध्ये त्यांचं नाव कधी आलंच नाही. 'आणि इतर' यातले ते इतर.

त्या दिवसांत आम्ही सुरतेला कतारगामात राहत होतो. खाली हिऱ्याचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. हिरे घासायच्या चाकाला तिथे घंटी म्हणतात. सकाळी घंट्या सुरू झाल्या की फरशीतून पायाला बारीक थरथर लागायची आणि ताटातली वाटी आपोआप सरकायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होते. त्यांच्या नखांचा रंग त्या आठवड्यात कोणत्या साड्या चालू आहेत ते सांगायचा. आई आणि मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेत असू. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माझ्या वह्यांनासुद्धा गोंदाचा वास यायचा. आईच्या हातचे डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, थंडीत ज्वारीचा हिरवा पोंक आणि त्यावर शेव. मिरचीचा ठेचा नाना स्वतः कुटत. लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जायचं, म्हणून ते घरातलं एक तरी काम अंगावर घेत. आता पन्नाशी मागे पडल्यावर कळतं की त्या ठेच्यात त्यांचा केवढा मान अडकलेला होता.

केबल आल्यावर दुपारी जुने सिनेमे लागायला लागले. एखाद्या दृश्यात मागे ट्रे घेऊन नाना उभे दिसले की आई गोंदाचा ब्रश खाली ठेवायची. नाना मात्र बघायचे नाहीत. "ते सरनं व माय," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. संपलं ते, एवढाच त्याचा अर्थ.

एका रविवारी सकाळी एका मोठ्या हिरोची मुलाखत लागली. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्यावर आधीच पुष्कळ कागद खर्च झाला आहे, माझा त्यात नको. तेव्हा तो सत्तरीचा असेल. केस काळेभोर रंगवलेले, डोळ्यांवर गुलाबी काचा. मुलाखत घेणाऱ्या बाईने त्याच्या गाजलेल्या सिनेमातला एक तुकडा दाखवला. जमीनदाराचा मुलगा जुन्या नोकरावर बांगड्या चोरल्याचा आळ घेतो, त्याच्या थोबाडीत मारतो, आणि नोकराच्या डोळ्यांतून पाणी येतं. तो नोकर म्हणजे आमचे नाना. पडद्यावर म्हातारे दिसत असले तरी तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. केसांना पावडर लावलेली होती. हिरो हसत म्हणाला, "वो बेचारा गाँव का आदमी था. रोना ही नहीं आता था उसको. मैंने एक असली थप्पड़ दिया, आँसू निकल आए. समझ लीजिए, एक्टिंग मैंने सिखाई उसको." बाई हसली. खालच्या कारखान्यातले दोन कारागीर आमच्या दारात टीव्ही बघत उभे होते, तेही हसले.

नाना उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले आणि उजव्या बाजूला बसले. ते वाळत घातलेल्या साड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "ते पानी मन्हं व्हतं, शोभा." मन्हं म्हणजे माझं.

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. दृश्य पहिल्याच टेकला चांगलं झालं होतं. मार खोटाच होता, हात गालाजवळून नेऊन मागे टाळी वाजवायची एवढंच ठरलेलं होतं. पण त्या दृश्यात नोकराला एक ओळ होती. मालकाने उगारलेला हात धरून तो म्हणतो, "इसी हाथ को पकड़कर मैंने आपको चलना सिखाया था, मालिक." नानांनी ती ओळ म्हटली, आणि वर दिवे धरून बसलेल्या माणसांपासून दिग्दर्शकापर्यंत सगळा सेट गप्प झाला. एक कपडेवाली बाई पदराने डोळे पुसत होती. हिरोने ते पाहिलं. दिग्दर्शक ओके म्हणाला तरी हिरो म्हणाला, "एक बार और." या वेळी त्याचा हात खरा पडला. पुन्हा "एक बार और". असं अकरा वेळा झालं. सातव्या वेळी नानांच्या डाव्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजलं आणि मग तिकडून जगच बंद झालं. अकराव्या वेळीही त्यांनी ओळ तशीच म्हटली आणि डोळ्यांत पाणी तसंच आणलं. शेवटी सिनेमा आला तेव्हा ती ओळ कापलेली होती. थप्पड ठेवली होती, पाणी ठेवलं होतं. पुढे डाव्या बाजूने आलेला इशारा ऐकू यायचा नाही, म्हणून टेक बिघडायला लागले. तेवढ्यावरही नानांनी निभावलं असतं, पण हिरोने दोन-तीन निर्मात्यांना सांगितलं, हा माणूस सुस्त आहे, याला घेऊ नका. वर्षभरात काम बंद झालं. मुंबईतली खोली गेली, पुढे आजी गेली, आणि नाना एका पत्र्याच्या पेटीसह आमच्याकडे आले.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझ्या मनात माणसं मारण्याचे विचार येत. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. खडे चिकटवताना मी मनातल्या मनात त्या गुलाबी काचांवर गोंद ओतत असे. मुलाखतीनंतर गल्लीतल्या मुलांनी नानांना 'लाफावाळा दादा' म्हणायला सुरुवात केली. लाफो म्हणजे गुजरातीत थप्पड, दादा म्हणजे आजोबा. नाना दूध आणायला निघाले की मुलं डाव्या बाजूने येऊन ओरडायची आणि त्यांना ऐकू येत नाही हे बघून आणखी हसायची. मी त्यातल्या एकाच्या खरंच कानाखाली वाजवली. त्याची आई भांडायला आली. माझ्या आईने तिची माफी मागितली. मी मागितली नाही.

दिवाळी झाल्यावर साडीच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचे मनसुखभाई आमच्या जिन्यात उभे राहिले. गळ्यात सोन्याची साखळी, आणि हातात मिठाईचा खोका. मंडळाने नवीन सभागृह बांधलं होतं. उद्घाटनाला तोच हिरो येणार होता. मनसुखभाईंना कारागिरांकडून कळलं होतं की मुलाखतीतला तो नोकर कतारगामातच राहतो.

"दादा, साहब वो थप्पड़वाला किस्सा सुनाएँगे, और आप एकदम स्टेज पर आओगे," ते म्हणाले. "शाल, श्रीफल, फोटो. पब्लिक पागल हो जाएगी."

"नाना येणार नाहीत," आई म्हणाली.

मनसुखभाई नानांच्या उजव्या बाजूला नव्हते, तरी नानांनी ओठांवरून ओळखलं असावं. त्यांनी खोका उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आऊँगा. कितने बजे?"

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. हे विचित्र वाटेल, पण तसंच आहे. रोज दुपारी जेवणं झाली की नाना आणि मी गच्चीवर जात असू. मी हिरो, ते नोकर. त्यांना दृश्यातली प्रत्येक ओळ पाठ होती, स्वतःची आणि त्याचीही. मी कसं चालायचं, हात कुठपर्यंत उचलायचा, 'कंगन कहाँ हैं' म्हणताना श्वास कुठे सोडायचा, सगळं त्यांनी मला शिकवलं. मी चुकले की ते रागवत नसत, फक्त मान हलवत. आणि मग ते गुडघ्यावर बसून माझा हात धरत, ती ओळ म्हणत, आणि मला माहीत असूनही, रोज ऐकूनही, मी माझी पुढची ओळ विसरत असे. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी पटेलांची सून एकदा हातात टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. मी नानांना विचारलं, "तुम्ही तिथे काय करणार आहात?" ते म्हणाले, "पूरा सीन करसू. लोकेसनी एक डाव आखो ऐकाले पाहिजे." लोकांनी एकदा पूर्ण ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तोपर्यंत तरी एवढीच होती.

समारंभ दुपारी चारचा होता. नानांनी स्वच्छ धोतर आणि सदरा घातला, चष्मा मात्र घरीच ठेवला; सिनेमातल्या नोकराला तो नव्हता. केसांना आता पावडरीची गरज नव्हती. आई आली नाही. अण्णा मिलमधून सुटी घेऊन आले, मागच्या रांगेत बसले. मी नानांच्या उजव्या बाजूला राहायला हवी म्हणून मला स्टेजमागच्या खोलीत सोडलं. तिथे हिरो बसला होता. पडद्यावरचा तो उंच माणूस खुर्चीत मावत नव्हता, पण मान बारीक झाली होती आणि कॉलर सैल पडली होती. त्याने माझ्याकडे बघून गोड हसून विचारलं, "बेटी, क्या नाम है?" मी सांगितलं. "बहुत प्यारा नाम है." थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तेच हसू. त्याचा सेक्रेटरी खाली वाकून म्हणाला, "सर, सूरत. साड़ीवालों का फ़ंक्शन है." आणि त्याने एक कार्ड त्याच्या हातात ठेवलं. मोठ्या अक्षरांत थपडेचा किस्सा लिहिलेला होता. त्याने तो ओठ हलवत वाचला आणि कार्ड जाकिटाच्या उजव्या खिशात ठेवलं. मग त्याची नजर नानांवर गेली.

"आप भी साड़ी का काम करते हैं?" त्याने विचारलं.

 ज्या माणसाने अकरा वेळा मारलं, त्याला मार खाणारा आठवतही नव्हता, हे नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरताना मी पाहिलं. मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. नानांनी आपलं दृश्य करायचा प्रयत्न केला असता, गोंधळ झाला असता, कुणीतरी सावरून घेतलं असतं, शाल मिळाली असती आणि आम्ही घरी आलो असतो. पण मी वाकले आणि त्यांच्या उजव्या कानात सांगितलं, "नाना, त्याला काहीच आठवत नाही. किस्सासुद्धा कागदावर लिहून आणलाय. कागद नसला तर त्याला एक शब्द बोलता यायचा नाही."

नानांनी समोर बघतच विचारलं, "कोन्ता खिसा?"

"उजवा," मी म्हटलं.

स्टेजवर हिरोने किस्सा सांगितला. कार्ड तळहातात धरून, मध्ये मध्ये बघत, पण इतक्या सफाईने की समोरच्यांना कळलं नाही. कार्ड त्याने पुन्हा खिशात टाकलं. सभागृह हसलं. मनसुखभाईंनी नानांना पुढे आणलं, शाल घातली, आणि लोक आणखी हसले, कारण किस्स्यातला बेचारा गावचा माणूस खरोखरच समोर उभा होता. नानांनी माइक मागून घेतला.

"सूरतवालों के लिए साहब के साथ वो सीन करना चाहता हूँ," ते म्हणाले. "तब ग्यारह रिटेक लगे थे. आज एक में कर देंगे."

टाळ्या पडल्या. हिरोही टाळ्या ऐकून हसला; टाळ्या कशाला देतात एवढं त्याला अजून कळत होतं. नाना गुडघ्यावर बसले. माइकचा स्टँड त्यांनी दोघांच्या मध्ये घेतला आणि हिरोचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"कंगन मैंने नहीं लिए, मालिक," नाना म्हणाले आणि थांबले.

पुढची ओळ हिरोची होती. मी विंगेत उभी राहून ती मनात म्हणत होते. हिरो नानांकडे बघत राहिला. मग लोकांकडे बघितलं. नाना हळूच म्हणाले, "साहब, आपका डायलॉग." माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि मौजेचं हसू पसरलं. नाना उठले नाहीत, हात सोडला नाही. म्हणाले, "एक बार और."

ते तीन शब्द कोणाचे आहेत हे त्या सभागृहात फक्त तीन माणसांना माहीत असायला हवं होतं, आणि त्यातला एक ते विसरला होता. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच थांबणं. दुसऱ्या वेळी हिरोचा डावा हात छातीवरून उजव्या खिशाकडे सरकला, पण पोहोचला नाही. नानांनी त्याचा उजवा हात खाली ओढून त्याला पुढे वाकवून धरलं होतं. "एक बार और." तिसऱ्या वेळी हसणारे कमी झाले. सेक्रेटरी खुर्चीतून अर्धा उठला आणि मनसुखभाईंनी त्याला खाली बसवलं. त्यांना वाटत होतं हे ठरवून चाललंय. चौथ्या वेळी हिरोचे ओठ हलायला लागले, पण शब्द आला नाही. गुलाबी काचांमागे डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरत होते. आता तोच नानांचा हात घट्ट धरून होता, गर्दीत सुटू नये म्हणून लहान मूल धरतं तसा. मी मोजत होते. चार झाले होते. मला अकरा हवे होते.

पाचव्या वेळी नाना त्याच्यासाठी थांबले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि ती ओळ म्हटली. "इसी हाथ को पकड़कर मैंने आपको चलना सिखाया था, मालिक."

मी गच्चीवर ऐकली होती त्यापेक्षा ती वेगळी होती. नानांचे डोळे कोरडे होते. हिरोच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या मेकअपमध्ये दोन वाटा काढत खाली गेलं. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, केवढा मोठा नट, या वयातही. टाळ्या थांबेपर्यंत नाना तसेच बसून राहिले, मग माइकपाशी तोंड नेऊन म्हणाले, "देखिए, आँसू आ गए. और मैंने तो हाथ भी नहीं उठाया."

सभागृह खो-खो हसलं. मग त्यांनी हात सोडला.

 घरी आल्यावर नानांनी आईला फुनके करायला लावले आणि पोटभर जेवले. अण्णांनी त्यांच्या ताटात स्वतः कढी वाढली. जावयाने सासऱ्याला वाढताना मी तेवढं एकदाच पाहिलं. गल्लीतली मुलं त्यानंतर नुसतं 'दादा' म्हणायला लागली. स्थानिक गुजराती पेपरात हिरोच्या अश्रूंचं कौतुक छापून आलं, नानांचं नाव चुकीचं छापलं होतं. त्यानंतर हिरो कुठल्या स्टेजवर दिसला नाही. काही महिन्यांनी टीव्हीवरच सांगितलं की त्याला विस्मरणाचा आजार आहे आणि घरच्यांनी त्याला लोकांपासून दूर ठेवलंय.

आईने टीव्ही बंद केला आणि नानांच्या समोर जाऊन बसली. "नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं," नाना म्हणाले.

"आजारी माणसाला असं उभं केलंत?"

"मी आजारी नव्हतू का?" त्यांनी विचारलं. मी दाराशी खडे निवडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही आणि आपल्याला हे कुणी सांगितलं तेही ते बोलले नाहीत. आई महिनाभर त्यांच्याशी डाव्या बाजूने बोलत राहिली. कामापुरतं बोलायची, ते त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असताना. नानांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता ते झोपेतच गेले. तोपर्यंत ते रोज ठेचा कुटत होते.

लोक म्हणतात, वय वाढलं की राग निवतो. माझा निवलेला नाही. मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं. तो म्हातारा आठवतो, त्याची सैल कॉलर आठवते, नाव विचारताना तो किती गोड हसायचा तेही आठवतं, आणि मग सातव्या थपडेची शिट्टी आठवते, जी मी ऐकलेलीच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मारणारा तिथे नव्हताच. त्याच्या जागी कुणी दुसराच, काही न समजणारा माणूस बसला होता, आणि आम्ही त्याच्याकडून वसूल केलं. हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं म्हणूनच तर मी नानांच्या कानाशी वाकले.

आई शेवटी आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून हे सगळं सांगितलं. माझ्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "कागदाचं नानांनी मला सांगितलं होतं. पण त्यांना बिनचष्म्याचं समोरचं ताट दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या खिशातला कागद कुठून दिसणार?"

इतकी वर्षं तिने ते मला दाखवलं नव्हतं.

"तुला वाईट वाटतं का त्या माणसाचं?" तिने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. ती जाणार होती, तिला बरं वाटलं असतं. "नाही," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. माझा हात तिच्या हातात होता, तो तिने सोडला नाही.

"मग लिहिशील तेव्हा असंच लिही," ती म्हणाली. "नानांना देवमाणूस करू नकोस. आणि तू काही लहान नव्हतीस."